उपवास आणि रक्तदाबाची गोळी

उपवासाच्या दिवशी रक्तदाबाची गोळी घेतली तर व्रत मोडते का, हा प्रश्न अनेक घरांत निघतो. ही गोळी बऱ्याचदा ॲम्लोडिपिनची असते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरले की ते आवळतात; गोळी कॅल्शियमची ती वाट अडवते. वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. हृदयाच्या धमन्याही रुंदावतात, त्यामुळे जिना चढताना छातीत भरून येणे, म्हणजे अंजायना, कमी होतो.

हिंदू परंपरेचे उत्तर निःसंदिग्ध आहे. व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी महाभारताच्या उद्योगपर्वात सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांच्याबरोबर त्यांत औषधही आहे. इस्लाममध्ये गिळलेल्या गोळीने रोजा तुटतो, पण आजाऱ्याने रोजे नंतर पुरे करावेत, अशी सवलत कुराणातच आहे. छातीत कळ आल्यावर जिभेखाली धरायची गोळी निराळी, ती नायट्रेटची. तिचा अंश गिळला नाही तर रोजा टिकतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली जेद्दाहमध्ये दिला.

मग पेच उरतो कुठे? आजारी कोणाला म्हणायचे, इथे. तापाने फणफणलेल्या माणसाला सवलत घेताना संकोच वाटत नाही. वाढलेला रक्तदाब मात्र बहुधा दुखत नाही. गोळी घेणारा हिंडतो-फिरतो, म्हणून स्वतःला धडधाकट समजतो आणि सवलत आपल्यासाठी नाही असे मानतो. त्याचे धडधाकटपण त्या गोळीवरच उभे आहे, हे त्यात निसटते. ॲम्लोडिपिन शरीरातून सावकाश ओसरते, त्यामुळे एका एकादशीला ती चुकली तरी सहसा काही जाणवत नाही. तो अनुभव फसवा आहे. नवरात्रात नऊ दिवस गोळी बंद राहिली तर दाब पुन्हा चढतो, अंजायना उलटू शकतो.

दिवसातून एकदाच घ्यायची असल्याने ही गोळी सहरीला किंवा इफ्तारला घेता येते; सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या जैनांना ती दिवसा घेता येते. गोळी सोडणे ही व्रताची अट नाही, भक्ताने स्वतःहून घातलेली भर आहे. निर्जळी उपवासात मात्र अंगातले पाणी कमी होऊन दाब फार उतरू शकतो, भोवळ येते. असा उपवास धरण्याआधी गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.