पाच तासांचा प्रवास

मुंबई ते जेद्दा हे विमानतळांमधले अंतर सरळ रेषेत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. थेट विमानाला पाच-साडेपाच तास लागतात. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्याने सकाळी आठला निघालेला हाजी साडेदहा-अकराला उतरलेला असतो.

१९९५ पर्यंत हाजींची जहाजे मुंबई बंदरातून सुटत. सुमारे २,३०० सागरी मैलांच्या या वाटेला जुन्या जहाजांना बारा ते पंधरा दिवस लागत. परत येऊ की नाही, याची खात्री नसे. म्हणून निघण्याआधी माणूस दारोदार जाऊन 'कहासुना माफ करा' म्हणे. कर्ज फेडी, अमानत परत करी, वसीयत करून ठेवी.

आता कष्टच उरले नाहीत, मग हजचे मोल कमी झाले काय? आपले काही बुजुर्ग तसे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. मुसाफिराला चार रकातींऐवजी दोन रकाती पढण्याची सवलत आहे. हनफी फकीहांनी त्यासाठी तीन दिवसांच्या वाटचालीचे अंतर धरले, शाफईंनी दोन दिवसांचे. आजच्या मापात ते साधारण पाऊणशे ते नव्वद किलोमीटर होते. ही सवलत अंतराला आहे, पाय किती दुखले याला नाही. विमानात आरामात बसलेल्यालाही ती मिळते. सोयीला शरीयतने गुन्हा मानलेले नाही.

मात्र प्रवासाने नमाज अर्धी होते, कर्ज अर्धे होत नाही. शहीदाचे सारे गुन्हे माफ होतात, कर्ज तेवढे होत नाही, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मग हाजीने वेगळी अपेक्षा का धरावी?

जहाजात तौबा करायला दिवस मिळत. विमानात मीकात जवळ आल्याचे सांगतात आणि काही मिनिटांत ती हद्द मागे पडते. म्हणून इहराम बहुतेकजण निघतानाच बांधतात. मनाची तयारीही आता इथेच, जमिनीवर असताना करावी लागते. वाटेत वाचलेले दहा-बारा दिवस आपण त्यासाठी देतो काय? दावत होते, हार होतात, मोबाईलवरून दोनशे जणांना माफीचा एकच संदेश जातो. त्या दोनशेंत बहुधा ती बहीण नसते, जिचा वडिलांच्या जमिनीतला हिस्सा आपण दाबून ठेवला आहे. तो हिस्सा सूरह निसामध्ये स्पष्ट सांगितलेला आहे. तिने मागितला नाही, म्हणून तो माफ झाला असे आपण स्वतःच ठरवून टाकतो.

तिचे गाव एस.टी.ने दोन तासांवर असते. जेद्दाच्या वाटेवर आधी तिथे उतरायला हवे.