पाच पडव्या आणि हिवाळ्यातला वॉर्ड

शास्त्रभाग : योहान ५:१-९



बेथेस्दाच्या तळ्याला पाच पडव्या होत्या आणि त्यांत आंधळे, लंगडे, लुळे असे पुष्कळ रोगी पडून असत, असे योहान सांगतो. पौष महिन्यात सरकारी रुग्णालयाची पायरी चढलेल्यांना याहून अधिक वर्णन नको.

भोपाळात थंडी पडली की हमीदिया रुग्णालयात आणि जयप्रकाश जिल्हा रुग्णालयात अशीच दाटी होते. धुके, शेगडीचा धूर आणि सर्दीतापाची साथ यांमुळे वृद्ध आणि तान्ही बाळे धापा टाकीत येतात. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हृदयाचे रोगीही वाढतात. आम्हां भोपाळकरांचे आणखी एक दुःख आहे. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला. थंड रात्रीच्या जड हवेत तो जमिनीलगतच पसरत राहिला. उजाडेपर्यंत हमीदियात हजारो माणसे आली होती. वायू कोणता आणि त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना कोणी धड सांगितले नव्हते. गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीसुद्धा त्या दिवशी सेवेला धावले. त्या रात्री फुप्फुसे जळालेले कित्येक जण आज म्हातारे झाले आहेत, आणि दर हिवाळ्यात त्यांचा दम पुन्हा कोंडतो.

रुग्णालय किती मोठे, हे आपण खाटांवरून मोजतो. पण सरकारी रुग्णालय चालते ते रोग्याजवळच्या माणसावर. पर्ची काढायची, एक्स-रेच्या रांगेत उभे राहायचे, रक्ताची बाटली आणायची, स्ट्रेचर ढकलायचे, रात्री सलाइन संपत आले की सिस्टरला हाक मारायची. हे सगळे कोण करतो? मुलगा, सून, शेजारी. ज्याला कोणी नाही त्याचा तपास उद्यावर जातो. तो बरा झाला तरी घरी शेक द्यायला आणि वेळेवर औषध द्यायला कोणी नसते, म्हणून त्याला सोडता येत नाही, आणि नव्या रोग्याचे अंथरूण जमिनीवर पडते.

आता अडतीस वर्षे आजारी असलेल्या त्या मनुष्याचे उत्तर ऐका. बरे व्हायचे आहे काय, असे प्रभूने विचारले. त्याने ‘होय’ म्हटले नाही. आपल्याला पाण्यात उतरवायला कोणी नाही आणि आपल्याआधी दुसराच उतरतो, एवढेच त्याने सांगितले. पुष्कळ उपदेशक येथे त्याच्या अविश्वासावर बोट ठेवतात. मला ते पटत नाही. ते एका एकाकी रोग्याचे सरळ, खरे उत्तर आहे. प्रभूने त्याला दोष दिला नाही, तळ्यातही उतरवले नाही. तो स्वतःच त्याचा माणूस झाला. आणि आज्ञा पाहा : आपले अंथरूण उचल. गर्दीच्या वॉर्डात एक अंथरूण उचलले जाणे म्हणजे काय, हे कोणत्याही सिस्टरला विचारा!

येथे एक कठीण गोष्ट आहे. पडव्यांत पुष्कळ जण होते. योहान एकाच्याच बरे होण्याची हकीकत देतो. बाकीच्यांचे काय झाले, हे शास्त्रात नाही, म्हणून मीही सांगत नाही. परंतु रात्रपाळीत दहा जणांच्या हाका ऐकून एकाकडेच जाऊ शकणाऱ्या, आणि त्या ओझ्याने घरी येऊन न झोपणाऱ्या परिचारिका आपल्या मंडळ्यांत आहेत. नाताळच्या उपासनेत त्यांची जागा रिकामी असते. त्यांना मी एवढेच म्हणेन की, एकाजवळ थांबणे हे प्रभूनेही केलेले काम आहे.

आगमनकाळात आपण वॉर्डात फळे वाटतो, गाणी गातो, कांबळी देतो. चांगले आहे. पण कांबळे देऊन आपण अर्ध्या तासात परततो. रात्र तर पुढे असते. नेहरू नगरहून पॉलिटेक्निक चौक, कमला पार्क केले की हमीदिया आलेच. वीस जणांनी एकदा जाण्यापेक्षा एकेकाने वीस रात्री वाटून घ्याव्यात. आधी वॉर्डाच्या मुख्य सिस्टरची परवानगी घ्यावी, आणि ज्याच्याजवळ कोणी नाही असा रोगी त्यांनाच दाखवू द्यावा. खोकला असलेल्याने जाऊ नये, तोंडावर मास्क असावा. रोग्याला पाणी देण्यापूर्वीसुद्धा विचारावे. प्रार्थना त्याने मागितली तर करावी, हळू आवाजात, कारण शेजारचा नुकताच झोपलेला असतो.