कंसातलं नाव

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याच्या मुलाचं स्थळ आलं की मुलीकडचे लोक मुलगा बघण्याआधी सातबारा बघतात. त्यासाठी तलाठ्याकडे जायची गरज उरलेली नाही. फोनवर महाभूलेख उघडायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकायचा. पान समोर येतं. वावर किती हेक्टर-आर आहे, वाटेकरी किती, इतर हक्काच्या रकान्यात कोणाचा बोजा आहे, सगळं दिसतं. सोयऱ्याला दिसतं तसं शेजाऱ्यालाही दिसतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोणतं पान कोणाला बघता येईल आणि कोणाला बदलता येईल, हे ठरवणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या नजरेनं सातबाऱ्याकडे पाहिलं तर मला त्याचं कौतुकच वाटतं. बघायला सगळे मोकळे, पण थेट बदलायला कोणीच नाही, मालकसुद्धा नाही. खरेदी असो, वारस असो, वाटणी असो, आधी गाव नमुना 6 मध्ये फेरफार धरावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 150 सांगतं की ही नोंद चावडीवर लावायची आणि ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवायचं. हरकतीसाठी 15 दिवस. हरकत आली तर सुनावणी, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. म्हणजे लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा.

शिवाय जुनं नाव पुसलं जात नाही. त्याला कंस करतात. 2020 मधल्या बदलांनंतर कंसातल्या नोंदीवर आडवी रेषही येते. पण नाव वाचता येतं, बाजूला फेरफार क्रमांक असतो. कोणाचं नाव कधी आणि कशानं गेलं, ते शोधता येतं.

या कंसात माझी आत्या आहे.

आजोबा 2017 मध्ये गेले. वारस नोंद झाली, आजी, बाबा, काका आणि आत्या अशी चार नावं लागली. त्यात कोणाची मेहरबानी नव्हती. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो आणखी स्पष्ट केला. पण वर्षभरात आत्यानं हक्कसोड पत्र करून दिलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती स्वतः आली, सही केली, फोटो काढला, अंगठा दिला. फेरफार धरला गेला, नोटीस निघाली, हरकत नव्हती. नावाला कंस झाला.

यात कुठेही खोटी सही नाही, लाच नाही, चुकीची नोंद नाही. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर एकही त्रुटी नाही. तरीही ते पान उघडलं की मला बरं वाटत नाही.

तिला एकदा विचारलं, सही का केलीस? ती म्हणाली, "नाव ठेवून काय करू बाप्पा? माहेर तुटलं असतं मग."

कायद्यानं तिला विचारलं होतं, तुमची हरकत आहे का? या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची किंमत मात्र कायद्यानं ठरवलेली नव्हती, ती आम्ही ठरवली होती. दिवाळीचं बोलावणं, भाऊबीज, साडीचोळी, अडीअडचणीला धावून येणारा भाऊ, हे सगळं तराजूच्या एका पारड्यात होतं. दुसऱ्यात काही आर जमीन. असं कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती.

मग तलाठ्यानं अशी हक्कसोड नाकारावी का? मला तसंही वाटत नाही. पन्नाशीच्या बाईला तुझी सही तुझी नाही असं सांगणं म्हणजे तिला पुन्हा अज्ञान ठरवणं. काही बहिणी खरंच मनापासून सोडतात. बाहेरून दोन्ही सह्या सारख्याच दिसतात, हीच अडचण आहे. कोणतीही व्यवस्था सही तपासू शकते, त्यामागची भीती तपासू शकत नाही.

म्हणून ती जबाबदारी सही मागणाऱ्यावर येते. नाही म्हटलं तरी काही बिघडणार नाही, ही खात्री फक्त तोच देऊ शकतो. ती न देता मिळवलेली संमती कायद्यात बसते, पण मला ती संमती वाटत नाही. बाबांनी आत्याला तिचा वाटा किती, ते आकड्यात सांगितलं नव्हतं. कागद घरी नेऊन वाच, असं म्हटलं नव्हतं. नाव राहू दे, दिवाळीला तरीही ये, हे एक वाक्य कोणीच उच्चारलं नव्हतं. मीही नाही. मी तेव्हा नुकताच इंजिनीअर झालो होतो आणि उद्या त्या पानावर माझं नाव लागणार आहे.

आत्या जन्मभर सासरच्या वावरात कापूस वेचत आली. तो सातबारा तिच्या नवऱ्याच्या नावावर आहे. माहेरच्या पानावर ती कंसात, सासरच्या पानावर नाहीच. स्वतःच्या नावावर पीककर्ज मागायचं किंवा पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपये घ्यायचे, तर तिच्याकडे दाखवायला पान नाही.

या दिवाळीला मी बाबांकडे विषय काढला. हक्कसोड झाल्यावरही बक्षीसपत्रानं भाऊ बहिणीला जमीन देऊ शकतो. बाबा म्हणाले, "तिनं मागितलं का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग?"

या प्रश्नावर आम्ही अजून थांबलेलो आहोत. तिनं मागितलं नाही हे खरं आहे. पण तिला मागता येईल असं आपण कधी ठेवलं होतं का, हे मी बाबांना अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या आली, तेव्हा मी फोनवर तिला ते पान दाखवलं. तिनं चष्मा लावला, बोटानं अक्षर मोठं केलं. "रेघ मारली तरी वाचता येते की," ती म्हणाली आणि फोन परत दिला.