मोहरी मागणे ही फसवणूक होती काय?

उपासक-उपासिकांनो, आपल्या विहारात एका माउलीने मला विचारले, "गुरुजी, मेलेलं मूल उठत नाही हे बुद्धांना ठाऊक होतं. मग किसा गोतमीला मोहरी आणायला धाडलं, ही फसवणूक नव्हे का?"

खोटे न बोलण्याचे शील आपण नित्य ग्रहण करतो. तेव्हा हा प्रश्न टाळून चालणार नाही.

अट्ठकथेतील गोष्ट तुम्हांस माहीत आहे. श्रावस्तीची गोतमी मृत बाळ कडेवर घेऊन दारोदार औषध मागत होती. मेलेल्याला कसले औषध, असे लोक तिला सरळच सांगत होते. बोलणे खरे होते. पण त्यात तिच्या दुःखाला जागा नव्हती. तथागतांनी तिचे मागणे हसण्यावारी नेले नाही. औषध जाणतो, म्हणाले. चिमूटभर मोहरी आण, पण ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातली. मूल उठेल, असे वचन त्यांनी दिले नाही. तुम्ही म्हणाल, ही पळवाट झाली. पण ती अट पुन्हा वाचा. सारे सत्य तिच्यातच होते. ते उघडण्याचे काम तेवढे गोतमीवर सोपवले होते. घरोघर फिरून ते तिने उघडले आणि बाळ स्वतःच्या हातांनी स्मशानात ठेवले.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन (१९०१–१९८०) यांनीही आडवळणाचे बोलणे उपचारात आणले. कर्करोगाने पिडलेल्या एका फूलविक्रेत्याला संमोहनाचे नावही नको होते. एरिक्सन त्याच्याशी टोमॅटोच्या रोपाविषयी बोलत राहिले आणि मधूनमधून आराम, स्वस्थता असे शब्द पेरत गेले. वेदना हलक्या झाल्याचे त्यांनी १९६६ साली लिहिले. येथे मात्र मी अडखळतो. नको म्हणणाऱ्याला नकळत दिलेले औषध, ते गुणकारी असले तरी, मला पुरते पटत नाही.

आडवळणाने देवऋषीही बोलतो. "घरातलंच कोणीतरी आहे" एवढेच म्हणतो. नाव आपला संशय भरतो. मग दर अमावास्येला त्याची पायरी सुटत नाही. गोतमीला दुसऱ्यांदा मोहरी आणावी लागली नाही.

हे सारे मी त्या माउलीला सांगितले. ती म्हणाली, "मोहरी मागायला गेली, म्हणून तर बायका तिच्याशी बोलल्या." मग थोड्या वेळाने, गेल्या पावसाळ्यात वारलेल्या आपल्या मुलीचे सांगू लागली. तोवर तिला मूलबाळ किती, हेही मी विचारले नव्हते.