पावतीवरची ओळ

आमच्या सांगलीकडचा जैन बहुतेक वेळा मराठी बोलणारा, ऊस लावणारा शेतकरी असतो. अप्पा त्यांतलेच. गाळलेलं पाणी, दिवस मावळायच्या आत जेवण. निवृत्तीनंतर मी सूक्ष्मजीवशास्त्र गावच्या शाळांत न्यायचं ठरवलं, आणि पैशासाठी पहिली जाऊन बसले ती त्यांच्या सोप्यात.

यादी छोटी होती: ओढ्याचं पाणी बघायला दोन सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या प्लेटा. पोरांनी न धुतलेलं बोट एका प्लेटवर टेकवायचं, साबणानं धुतलेलं दुसरीवर, आणि दोन दिवसांनी उगवलेले ठिपके मोजायचे.

"त्या ठिपक्यांचं नंतर काय करता, मॅडम?"

"ऑटोक्लेव्हमध्ये घालते. १२१ अंश, १५ पौंड दाब, २० मिनिटं."

"म्हणजे वाढवायचं आणि मारायचं की."

३५ वर्षं शिकवलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी पळवाट शोधली. जैन आचारात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. त्यांतली संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, तेवढी त्यानं सोडायचीच. माझी उद्योगी, म्हणजे कामधंद्यात होणारी, असं म्हणाले खरी, पण बोलता बोलता मलाच पटेना. चुलीत चुकून मुंगी जाते ते निराळं. मी तर मारायचा दिवस ठरवून पेरणी करते. शिवाय कृत, कारित, अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेलं, करवलेलं, संमती दिलेलं, तिन्हींनी कर्म बांधलं जातं. पैसे देणारा त्यात आलाच.

जैन शास्त्रातले निगोद म्हणजेच बॅक्टेरिया, असं व्यासपीठावरून सांगितलं की टाळ्या पडतात. मी सांगत नाही. निगोदात एकाच शरीरात अनंत जीव राहतात. जिवाणूचा संसार एकट्याचा. अप्पांना हा फरक माझ्याहून चांगला ठाऊक होता. त्यांचा प्रश्न तेवढ्यानं सुटत नव्हता.

आणि खरी अडचण तर मी अजून पोटातच ठेवली होती. प्लेटमधलं माध्यम घट्ट करणारा अगार समुद्री शेवाळापासून होतो. मुरंबे-जेली घट्ट करायला वापरायची ही वस्तू १८८१ च्या सुमारास फॅनी हेसेबाईंनी सुचवली, म्हणून जिवाणूशास्त्रज्ञ कॉखच्या प्रयोगशाळेतलं जिलेटिन मागं पडलं. इथवर सगळं शाकाहारी. पण नेहमीच्या न्यूट्रिएंट अगारमध्ये मांसाचा अर्क असतो. अनुदानाच्या अर्जात 'रसायने' एवढा एक शब्द लिहिला की भागतं. मीही आयुष्यभर तेच लिहीत आले. पण दात्याचा भाव शुद्ध राहावा म्हणून त्यालाच अंधारात ठेवायचं, याला दान घेणं कसं म्हणायचं? सांगून टाकलं. वर घाईनं म्हणाले, "बटाट्याचंही माध्यम मिळतं, अप्पा." आणि जीभ चावली. जैनांना वर्ज्य कंदमूळ! अप्पा खो खो हसले.

हात धुणारं पोर हगवणीपासून वाचतं, म्हणून मी प्लेटा करते आणि करत राहणार. ती हिंसा नव्हे, असं मात्र त्या दिवसापासून म्हणत नाही.

अप्पांनी दोन्ही सूक्ष्मदर्शकांचे पूर्ण पैसे दिले. अट एकच: ओढ्याचं पाणी बघून झालं की ते परत ओढ्यात सोडायचं. पावतीवर 'फक्त भिंगासाठी' असं माझ्याकडून लिहून घेतलं. माध्यमाचा डबा मी माझ्या पेन्शनमधून आणते.