जुनेर

मनुष्य गेल्यावर त्याच्या वस्तूंचे काय करावे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून फारसा आढळत नाही; घरोघरच्या पेट्यांतून मात्र तो वर्षानुवर्षे पडून असतो. दागिन्यांचा निवाडा कायदा करतो, भांड्यांचा स्वयंपाकघर करते. अडचण होते ती वस्त्रांची. ती दुसऱ्याने नेसावी तर संकोच वाटतो, आणि टाकून द्यावी तर पाप वाटते.

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या मार्गशीर्षात निघाला. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी गोंदियास आली होती. आमच्याकडील थंडी पुण्या-मुंबईच्या वाचकांस कल्पनेनेच जाणावी लागेल. हिवाळ्यात पारा कित्येकदा दहा अंशांच्याही खाली उतरतो. तेव्हा येणाऱ्या नातवंडासाठी दुपटी, झबली, कुंची आणि मुख्य म्हणजे एक चांगली जाड गोधडी शिवावयाची, हे ठरलेलेच होते. तान्ह्या मुलाच्या अंगास कोरे कापड लावू नये, असा आपल्याकडील जुना रिवाज आहे. कोऱ्या कापडातील खळ कोवळ्या कातडीस टोचते, आणि शंभर वेळा धुतलेल्या सुती लुगड्याइतके मऊ दुसरे काही नसते. म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी एके दिवशी सहजपणे म्हटले, “अहो, सासूबाईंच्या पेटीची किल्ली द्या बरे.”

आईला जाऊन चार वर्षे झाली. तिची अकरा लुगडी मी स्वतःच्या हाताने घड्या घालून, मध्ये वाळलेला निंबाचा पाला टाकून, लोखंडी पेटीत ठेवली होती. मी किल्ली दिली नाही. पेटीतली लुगडी फाडावयाची नाहीत, एवढेच बोलून परीक्षेचे पेपर पुढे ओढले. पण आयुष्यभर तर्कशास्त्र शिकविलेल्या माणसास, आपल्या ‘नाही’मागे कारण काय, हे स्वतःला तरी सांगावेच लागते.

माझे कारण असे होते की, ही वस्त्रे आईची आहेत, तिच्या अंगाचा स्पर्श त्यांना आहे. ती फाडणे म्हणजे तिच्या स्मृतीचे तुकडे करणे. म्हणजे वस्तूची योग्यता तिच्या उगमावरून ठरवावयाची. हाच विचार एका थोर पुरुषानेही केल्याचे मला आठवले. 1924 साली दिल्लीस शांतिनिकेतनच्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने यंत्रांविषयी छेडले असता, गांधीजींनी शिवणयंत्रास आपल्या आक्षेपातून वगळले होते. आपल्या पत्नीचे टाके घालण्याचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र निर्माण केले, अशी त्यांची समजूत होती. इतिहास मात्र एवढा गोड नाही. सिंगरचे पेटंट 1851 चे. त्यापूर्वीच 1846 मध्ये एलायस हौ याने आपले पेटंट घेतले होते, आणि पुढे त्याने सिंगरशी कज्जा करून मोबदलाही वसूल केला. सिंगरचे गृहचरित्र तर एकपत्नीव्रताचा आदर्श म्हणून सांगण्याजोगे मुळीच नव्हते. तो धंदा करण्यास निघाला होता, आणि धंदा त्याने उत्तम केला. आता उगमातील प्रेमाची कथा खोटी ठरली म्हणून आमच्या ओसरीवरील यंत्राचा एक तरी टाका वाकडा पडतो काय? त्या यंत्रावर कित्येक विधवांनी मुले वाढविली. यंत्राला जे पुण्य लाभले ते असे उपयोगातून लाभले.

हा युक्तिवाद गांधीजींविरुद्ध मांडताना मला बरा वाटला. तो माझ्याच पेटीवर उलटतो, हे ध्यानी येताच तितकासा बरा वाटेना. उगमाने वस्तू पवित्र होत नसेल, तर अकरा लुगडी म्हणजे केवळ जुने सूत. मग बोहारीण आली की ती देऊन एखादे पातेले घ्यावे, यात वावगे काय? जगात हे सर्रास चालतेच. परदेशांतील टाकलेले लोकरी कपडे गाठोड्यांनी पानिपतास येतात, तेथे त्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढतात, आणि त्याच्या घोंगड्या स्वस्तात विकल्या जातात. त्या पांघरणाऱ्यास ऊब मिळते, आणि ती कोणाची ऊब, हे तो विचारीत नाही. तरीही आईची लुगडी बोहारणीस देण्याच्या कल्पनेने माझा जीव कासावीस झाला. तेव्हा उगमही सर्वस्वी खोटा नव्हे.

या दोहोंत अडकलो असताना मला माझी आजी आठवली. आमगावजवळच्या आमच्या खेड्यात थंडीच्या दिवसांत जमिनीवर तणस पसरून त्यावर वाकळ अंथरीत, आणि आम्ही चार भावंडे एकाच वाकळीखाली निजत असू. ती वाकळ किती जुनी होती, हे कोणी सांगू शकले नसते. कारण विरली की आजी तिच्यावर नवे जुनेर चढवी, आणि कालची वाकळ आजच्या वाकळीच्या पोटात जाई. प्लूटार्कने थीसिअसच्या जहाजाचे कोडे सांगितले आहे: एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच की दुसरे? हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला, की काढलेल्या फळ्यांचे दुसरे जहाज बांधल्यास खरे कोणते? आजीच्या वाकळीपुढे हे दोघेही गप्प बसले असते. तिने काढले काहीच नव्हते. फक्त घालीत गेली. दोराही ती विकत आणीत नसे, लुगड्याच्या काठाचे सूत उसवून त्यानेच टाके घाली. आणि तिला सुया ओवून देण्याचे काम माझे होते. शाळेस जाण्यापूर्वी मी सहा-सात सुया ओवून तिच्या उशीला ओळीने टोचून जाई. तिला त्या दिवसभर पुरत.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा लेख लिहावयाचे कारणही तेच. अखेरच्या वर्षांत आई दुपारी सुई-दोरा घेऊन माझ्या मेजापाशी येई व म्हणे, “बाळ, एवढी सुई ओवून दे रे.” मी मान वर न करता म्हणे, “हो, देतो, ठेव तिथे.” काही वेळा दिली. पुष्कळदा दिली नाही. ती थोडा वेळ उभी राही आणि परत जाई. तिच्या नेढ्यात दोरा घालण्यास अर्धे मिनिट लागले असते. पेटीतील निंबाचा पाला मात्र मी दर वर्षी न चुकता बदलत होतो.

त्या पेटीत मी आईस जपत नव्हतो. माझा कसूर जपत होतो. मेलेल्या माणसाची वस्तू जशीच्या तशी राखण्यात पुष्कळदा निष्ठा असते, हे मी नाकारीत नाही. पण जिवंतपणी जे द्यावयास हवे होते ते न दिल्याची भरपाई कुलपाने करू पाहण्याची खोडही त्यात असू शकते, आणि ती बाहेरून निष्ठेसारखीच दिसते. आईला स्वतःला विचारता आले असते तर ती काय म्हणाली असती, याविषयी मला कधीच शंका नव्हती. लुगडे जीर्ण झाले की ती त्याचे दोन भाग करी. चांगल्या भागाचे दुपटे, विरलेल्याचे पोतेरे.

मी किल्ली दिली. सौभाग्यवतींनी कात्री फक्त कडेला लावली. पुढे दोन्ही हातांनी ओढताच सुती कापड सरळ रेषेत फाटत गेले. तो आवाज मला सोसला नाही; मी अंगणात जाऊन उभा राहिलो. सहा पदर एकावर एक घातल्यावर आमचे यंत्र चालेना, दोरा तुटू लागला. म्हणून जमिनीवर अंथरून, गुडघ्याने दाबून, धावदोऱ्याने हातानेच शिवणे आले. तीन आठवडे लागले. मधोमध आईचे हिरवे नागपुरी लुगडे आहे, काठ बाहेरून दिसेल असे.

नात पौषात झाली. तिने पहिल्याच रात्री ती गोधडी ओली केली. दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेली पाहून शेजारच्या आजीबाईंनी काठावरून ओळखले आणि त्या म्हणाल्या, “हे तर वहिनींचे हो!”

पेटीत अजून एक लुगडे आहे. ते मी दिलेले नाही, आणि का, याचे उत्तर मजजवळ नाही. सौभाग्यवतींनी विचारलेही नाही. त्यांचीही नजर आता मंद झाली आहे, म्हणून सकाळी महाविद्यालयास निघण्यापूर्वी मी सात सुया ओवून खिडकीच्या पडद्याला टोचून ठेवतो. चष्मा लावूनही तिसऱ्या-चौथ्या खेपेशिवाय दोरा नेढ्यात जात नाही.