द्राक्षमळ्यातील मजुरी



आजच्या शुभवर्तमानातील (मत्तय 20:1-16) मजूर सायंकाळपर्यंत चौकात उभे आहेत, कारण त्यांना कोणी कामाला बोलावलेले नाही. सकाळी डांगे चौकातून जाताना आपणही असे मजूर पाहतो.

किमान वेतन वाढवण्याची चर्चा निघाली की आपल्यातच दोन सूर उमटतात. कंत्राटी कामगार म्हणतो, ‘या पगारात घरभाडे आणि मुलांची फी भागत नाही.’ छोट्या वर्कशॉपचा मालक म्हणतो, ‘पगार वाढवला तर दोन माणसे कमी करावी लागतील.’ मिस्साला दोघेही एकाच बाकावर बसतात.

मालकाची भीती अगदीच खोटी नाही. महाराष्ट्रात 1988 साली किमान मजुरीबरोबर रोजगार हमीची मजुरीही दुप्पट झाली. पण कामे कमी निघाली आणि हमी असूनही मागणाऱ्या प्रत्येकाला काम मिळेना, असे अभ्यासकांना दिसले. मात्र दरवेळी असेच घडते असे नाही. 1992 साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केले. डेव्हिड कार्ड व अ‍ॅलन क्रूगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली, तेव्हा फास्ट फूड हॉटेलांतील नोकऱ्या घटलेल्या आढळल्या नाहीत. अर्थतज्ज्ञांचा हा वाद अजून मिटलेला नाही. वाढ किती आणि तिचा भार कोण उचलतो, यावर बरेच अवलंबून असते.

द्राक्षमळ्याचा धनी दिवसातून पाच वेळा चौकात जातो आणि शेवटी आलेल्यालाही एक दीनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी देतो. काम हवे की पोटापुरती मजुरी, असे तो विचारत नाही. भार तो स्वतःच्या थैलीवर घेतो. नाइलाजाने मान्य केलेली अपुरी मजुरी न्याय्य ठरत नाही, हे पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली आपल्या परिपत्रात शिकवले.

म्हणून या आठवड्यात आपण स्वतःला विचारू या. घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार आपण शेवटचा कधी वाढवला? कागदावर एक रक्कम लिहून हातात कमी तर देत नाही ना? कंपनीत जॉबवर्कचे दर ठरवताना इतके पिळतो का, की त्या वर्कशॉपवाल्याला कामगारांना नीट पगार देताच येऊ नये? आणि ‘परवडत नाही’ म्हणण्याआधी आपण स्वतःचा नफा थोडा कमी करून पाहिला का?

हे प्रभो, चौकात ताटकळणाऱ्यांना काम दे, काम करणाऱ्यांना पुरेशी मजुरी दे आणि ती देण्याचे मन आम्हांला दे. आमेन.